अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील संगणकाधारित डेटा ॲक्विझिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील पदवी व पदविका महाविद्यालयांचे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले प्रयोगशाळा सहायक आणि काही प्राध्यापक सहकारी यांच्याकडून दर सत्रात तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे ठेवले आहे आणि जेथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डेटा ॲक्विझिशन म्हणजे नेमके काय? मीटरवर बघून वहीत लिहिण्यापेक्षा त्यात वेगळे काय घडते?

तापमान, दाब, बल किंवा कंपन यांसारखी भौतिक राशी सेन्सर विद्युत सिग्नलमध्ये बदलतो. तो सिग्नल बहुधा क्षीण असतो, म्हणून त्याला वाढवून आणि गाळून योग्य पातळीवर आणले जाते, ज्याला सिग्नल कंडिशनिंग म्हणतात. मग ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजेच एडीसी, त्याचा ठरावीक अंतराने आकडा बनवतो आणि तो आकडा संगणकात वेळेसह साठतो. मीटरवर बघून लिहितानाही हीच साखळी असते, फक्त तिचे शेवटचे दोन दुवे आपले डोळे आणि हात असतात. त्यामुळे रीडिंग चुकले की साखळीतील कोणता दुवा चुकला, हा पहिला प्रश्न विचारावा. पुढील बहुतेक उत्तरे याच प्रश्नाची आहेत.

२. संगणक आपोआप रीडिंग घेतो, तर हाताने रीडिंग घ्यायला का लावता?

संगणकाच्या पडद्यावर आलेला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो आणि म्हणून तो खरा वाटतो. उलट्या जोडलेल्या तारेतून आलेला आकडाही तितकाच नीटनेटका दिसतो. माझा आग्रह असा आहे की प्रत्येक प्रयोगाची पहिली तीन रीडिंग काचेच्या थर्मामीटरने, मॅनोमीटरने किंवा साध्या मल्टिमीटरने समांतर घ्यावीत, ती संगणकाच्या रीडिंगशेजारी लिहावीत आणि दोन्हींत फरक असेल तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. यात दहा मिनिटे जातात. पण पुढच्या दोन तासांत जमा होणारी हजारो रीडिंग कशाची आहेत, हे विद्यार्थ्याला सांगता येते, आणि तोंडी परीक्षेत मी हेच विचारतो: हा आकडा कुठून आला?

३. अर्डुइनो चालेल, की महागडे डॅक (डेटा ॲक्विझिशन) कार्डच घ्यावे लागेल?

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या बहुतेक प्रयोगांना अर्डुइनो, म्हणजे एडीसी असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, पुरतो, मात्र त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. त्याच्या युनो या बोर्डाच्या सर्वत्र दिसणाऱ्या आर-थ्री आवृत्तीत १० बिटांचा एडीसी आहे. म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग पडतात आणि एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. के-प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर, अंशाला सुमारे ०.०४१ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे थर्मोकपल थेट अर्डुइनोला जोडला, तर आकडा एकाने बदलण्यासाठी तापमान जवळजवळ १२० अंशांनी बदलावे लागेल. दरवर्षी एखादी तरी बॅच हा प्रयोग करते आणि सेन्सर खराब असल्याची तक्रार घेऊन येते. थर्मोकपलसाठी मॅक्स-६६७५ किंवा मॅक्स-३१८५५ ही चिप आणि लोड सेलसाठी (बल मोजणाऱ्या सेन्सरसाठी) एचएक्स-७११ ही २४ बिटांची चिप मध्ये घातली की अर्डुइनो उत्तम काम करतो. एचएक्स-७११ सेकंदाला १० किंवा ८० रीडिंगच देते, त्यामुळे ती स्थिर भारासाठी ठीक आणि आघातासाठी निरुपयोगी असते.

दुसरी मर्यादा संदर्भ व्होल्टेजची, म्हणजे एडीसी ज्याचे भाग पाडतो त्या व्होल्टेजची आहे. यूएसबीतून येणारे ५ व्होल्ट नेहमी पाचच असतात असे नाही. समजा ते ४.७ आहेत आणि खोलीचे तापमान ४० अंश आहे. एलएम-३५ हा तापमानाचा सेन्सर अंशाला १० मिलिव्होल्टप्रमाणे ०.४ व्होल्ट देतो, पण कोडमध्ये ५ धरलेले असल्याने पडद्यावर ४२.५ अंश येतात. लॅपटॉप बदलला की तापमान बदलते, असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे निरीक्षण बरोबर असते. संदर्भ पिनवरील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून कोडमध्ये तेच लिहावे.

कंपन, ध्वनी, एकाच क्षणी अनेक चॅनेल किंवा विद्युत विलगीकरण लागणारे काम असेल, तर मात्र तयार डॅक कार्ड घ्यावे. तेथे काटकसर केल्यास शेवटी वेळही जातो आणि पैसाही.

४. जास्त बिट म्हणजे जास्त अचूक, असेच ना?

नाही. बिटांवरून सर्वांत लहान कोणता बदल दिसेल ते कळते. आकडा सत्याच्या किती जवळ आहे ते कळत नाही. १२ बिटांचा एडीसी ±१० व्होल्टच्या पल्ल्यावर ४.८८ मिलिव्होल्टची पायरी देतो आणि १६ बिटांचा सुमारे ०.३ मिलिव्होल्टची, पण सेन्सर स्वतःच अर्धा अंश चुकत असेल, तर पायरी लहान केल्याने ती चूक फक्त अधिक दशांश स्थळांत दिसू लागते. बिट वाढवण्याआधी पल्ला जुळवून पाहावा. सिग्नल ० ते १ व्होल्ट असेल आणि कार्ड ±१० व्होल्टवर ठेवलेले असेल, तर एकूण पायऱ्यांपैकी फक्त विसावा हिस्सा वापरला जातो.

५. सॅम्पलिंग रेट किती ठेवायचा?

नियम असा की सिग्नलमधील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने सॅम्पल घ्यावेत. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने तो सर्वांना पाठ असतो. प्रत्यक्षात आलेख ओळखू येण्यासाठी दहापट ठेवणे बरे. नियम मोडल्यास काय होते, हे एकदा स्वतः पाहावे. पूर्ण भारावर मिनिटाला १४४० फेरे घेणारी चार ध्रुवांची इंडक्शन मोटर सेकंदाला २४ फेरे घेते. तिचे कंपन सेकंदाला २० सॅम्पल घेऊन नोंदवले, तर पडद्यावर सेकंदाला ४ आवर्तनांची सुरेख लाट उमटते, म्हणजे मोटर मिनिटाला २४० फेरे घेत असल्यासारखी दिसते. या लाटेत संशय घेण्यासारखे काहीच नसते, आणि एकदा नोंदवलेल्या डेटामधून ही चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने काढता येत नाही. म्हणून लो-पास फिल्टर एडीसीच्या आधी बसवावा लागतो.

आपल्याकडील प्रकल्पांत यंत्रमाग वारंवार येतो, म्हणून त्याचे उदाहरण घेतो. माग मिनिटाला १५० वेळा धोटा फेकतो असे धरले, तर ती सेकंदाला अडीच वेळा घडणारी क्रिया झाली. नियमाप्रमाणे सेकंदाला पाचपेक्षा थोडे अधिक सॅम्पल पुरावेत असे वाटते, आणि येथेच विद्यार्थी फसतात. प्रॉक्सिमिटी सेन्सरची पल्स १० मिलिसेकंदच टिकत असेल आणि आपण दर ४० मिलिसेकंदांनी बघत असू, तर चारपैकी साधारण तीन पल्स आपल्या नजरेतून निसटतील. मोजणीसाठी सॅम्पलिंग न करता काउंटर किंवा इंटरप्ट (पल्स येताच चालणारा कोड) वापरावा. धोट्यावर बसणाऱ्या ठोक्याचा आघात मोजायचा असेल, तर तो काही मिलिसेकंदांत संपत असल्याने सेकंदाला काही हजार सॅम्पल लागतात. माग एकच असला, तरी काय विचारायचे आहे त्यावर रेट ठरतो.

६. मग सुरक्षित म्हणून सर्वांत जास्त रेट ठेवला तर?

तापमानाच्या प्रयोगात त्याने काहीच हाती लागत नाही. धातूच्या पॉकेटमध्ये बसवलेल्या सेन्सरचा टाइम कॉन्स्टंट ३० सेकंद असेल, तर सेकंदाला हजार रीडिंग घेऊनही तो ३० सेकंदांच्या आतले बदल धूसरच दाखवणार. टाइम कॉन्स्टंट काढणे सोपे आहे: सेन्सर बर्फाच्या पाण्यातून काढून झटकन उकळत्या पाण्यात घालावा आणि एकूण बदलाच्या ६३.२ टक्के होईपर्यंतचा वेळ मोजावा. सोलापुरात हा बिंदू ६३.२ अंशांवर न येता सुमारे ६२.३ अंशांवर येतो, ज्याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

७. कोडमध्ये सेकंदाला हजार रीडिंग लिहिली आहेत, पण फाईलमध्ये शंभरच ओळी येतात. संगणक हळू आहे का?

संगणकाचा दोष नाही. सीरियल पोर्ट अरुंद आहे. ९६०० बॉडला (म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांना) सेकंदाला ९६० अक्षरे जातात, कारण प्रत्येक अक्षरासाठी सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात. दोन चॅनेलची ‘५१२,४८९’ अशी ओळ, ओळ संपवणाऱ्या दोन चिन्हांसह, ९ अक्षरांची होते. म्हणजे सेकंदाला सुमारे १०६ ओळी. बॉड १,१५,२०० केला की त्याच ओळी सेकंदाला १२८० जातात. शिवाय कोडमध्ये ठरावीक विरामाची आज्ञा देऊन वेळ पाळू नये, कारण विरामात मोजण्याचा आणि पाठवण्याचा वेळ मिसळत जातो आणि तासाभरात घड्याळ मागे पडते. प्रत्येक ओळीत बोर्डाने स्वतः मोजलेली वेळ लिहावी.

८. थर्मोकपलची रीडिंग उन्हाळ्यात चुकतात, हिवाळ्यात बरोबर येतात. असे कसे?

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांच्या तापमानांतील फरक मोजतो. जेथे त्याच्या तारा टर्मिनलला जोडल्या जातात ते शीत टोक, आणि त्याचे तापमान वेगळे मोजून मिळवावे लागते. पुस्तकातील उदाहरणावरून अनेक जण कोडमध्ये शीत टोक २५ अंश असे कायमचे लिहून टाकतात. मे महिन्यात सोलापूरच्या प्रयोगशाळेत टर्मिनल सहज ४० अंशांवर असते. तेव्हा ८० अंशांचे पाणी मोजताना थर्मोकपल ४० अंशांच्या फरकाइतके व्होल्टेज देतो, कोड त्यात २५ मिळवतो आणि पडद्यावर ६५ येतात. डिसेंबरात खोली खरोखरच २५ अंशांच्या आसपास असते, म्हणून चूक झाकली जाते. टर्मिनलजवळ वेगळा सेन्सर लावावा, आणि टर्मिनलवर खिडकीचे ऊन किंवा पंख्याचा झोत पडू देऊ नये.

यात भर पडते ती तारांच्या रंगांची. आपल्या सवयीने लाल तार धन समजली जाते, पण अमेरिकन पद्धतीत थर्मोकपलची लाल तार ऋण असते. के-प्रकारात पिवळी धन आणि लाल ऋण. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत त्याच के-प्रकारात हिरवी धन आणि पांढरी ऋण. बाजारात दोन्ही मिळतात. आमच्या पिन-फिन, म्हणजे तापवलेल्या धातूच्या दांडीवरील तापमाने मोजण्याच्या, उपकरणावर एक संपूर्ण सत्र रीडिंग सुमारे ८ अंशांनी कमी येत होती. हीटर वाढवला की तापमान वाढत होते, आलेखाचा आकार बरोबर होता, म्हणून जोडणी उलटी असल्याची शंका कोणालाच आली नाही. शेवटी थर्मोकपलपासून टर्मिनलपर्यंत जाणारी एक्स्टेन्शन तार दोन्ही टोकांना उलटी जोडलेली सापडली. एका टोकाला उलटी असती, तर तापवल्यावर आकडा खाली गेला असता आणि चूक लगेच कळली असती; दोन्ही टोकांना उलटी असली की उपकरणाकडील जोड आणि टर्मिनल यांच्या तापमानांतील फरकाच्या दुप्पट चूक गुपचूप येते. तो फरक ४ अंशांचा होता. तेव्हापासून आम्ही लहान लोहचुंबक जवळ ठेवतो: के-प्रकाराची ऋण तार, म्हणजे ॲल्युमेल, चुंबकाकडे ओढली जाते, धन तार ओढली जात नाही. रंगावर विसंबण्यापेक्षा हे खात्रीचे आहे.

९. उकळत्या पाण्यात सेन्सर ९८.५ दाखवतो. कोडमध्ये दीड अंश मिळवून दुरुस्त करू का?

कृपया करू नये. सेन्सर बरोबर आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे, येथे हवेचा दाब साधारण ९६ किलोपास्कल असतो आणि त्या दाबाला पाणी साधारण ९८.५ अंशांवरच उकळते. १०० अंश धरून कॅलिब्रेशन केले, तर चांगल्या सेन्सरमध्ये आपण दीड अंशाची चूक स्वतः घालतो आणि ती पुढच्या प्रत्येक प्रयोगात उतरते. पीटी-१०० हा प्लॅटिनमच्या रोधाचा सेन्सर वापरत असाल, तर येथे उकळत्या पाण्यात त्याचा रोध १३८.५ ओहम न येता सुमारे १३७.९ ओहम येईल. प्रयोगशाळेत बॅरोमीटर असेल, तर त्या दिवसाचा दाब नोंदवून वाफेच्या कोष्टकातून उत्कलनबिंदू काढावा. बर्फाचा बिंदू मात्र येथेही शून्यच; फक्त बर्फ कुटून बारीक केलेला, पाण्याने भिजलेला आणि सतत ढवळलेला हवा. पाण्यात चार खडे टाकले की दोन-तीन अंशांचे पाणी मिळते, शून्याचे मिळत नाही.

१०. शेजारची मोटर चालू केली की रीडिंग नाचायला लागतात. काय करावे?

प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. नाचणे थांबले, तर ग्राउंड लूप (दोन ठिकाणी जोडलेल्या ग्राउंडमधून फिरणारा प्रवाह) आहे किंवा चार्जरचा गोंगाट आत येतो आहे. कमी झाले नाही, तर तारा तपासाव्यात. सिग्नलच्या दोन्ही तारा एकमेकींत पिळून घ्याव्यात, मोटरच्या केबलपासून दूर आणि ती ओलांडावी लागल्यास काटकोनात न्याव्यात, शील्ड एकाच टोकाला जोडावे आणि कार्डावर सोय असेल तर डिफरन्शियल जोडणी (दोन तारांतील फरक मोजणारी) घ्यावी.

त्यानंतर सरासरी. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. सेकंदाला १००० सॅम्पल घेऊन २०-२० ची सरासरी काढली, तर प्रत्येक सरासरीत बरोबर एक आवर्तन बसते आणि विजेचा गुणगुणाट जवळपास पूर्ण जातो. १५ किंवा २५ ची काढली तर तो उरतो. यादृच्छिक गोंगाट सॅम्पलच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, १६ रीडिंगची सरासरी तो एक चतुर्थांशावर आणते. प्रश्न ८ आणि ९ मधल्यासारखी एकाच दिशेची चूक मात्र लाख रीडिंगच्या सरासरीनेही जात नाही.

११. ज्या चॅनेलला काहीच जोडलेले नाही तोही शेजारच्या चॅनेलसारखी रीडिंग देतो. कार्ड जळले का?

नाही. बहुतेक स्वस्त कार्डांत आणि अर्डुइनोतही एकच एडीसी आळीपाळीने सर्व चॅनेल बघतो, आणि आधीच्या चॅनेलचा भार आतल्या छोट्या कपॅसिटरवर शिल्लक राहतो. मोकळा चॅनेल ग्राउंडला जोडावा. जोडलेल्या चॅनेलवरही असे होत असेल, तर सेन्सरचा रोध जास्त आहे. अर्डुइनोसाठी तो १० किलोओहमपेक्षा कमी ठेवावा, किंवा चॅनेल बदलल्यावरचे पहिले रीडिंग सोडून दुसरे घ्यावे.

१२. औद्योगिक ट्रान्समीटर ४ ते २० मिलिॲम्पिअर देतो. तो कसा जोडायचा?

२५० ओहमचा अचूक रोध कार्डाच्या इनपुटवर आडवा घातला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. शून्य दाबाला ४ मिलिॲम्पिअर का, असे विचारले जाते: तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि बिघाड व शून्य दाब यांतील भेद कळतो. कोडमध्ये १ व्होल्टपेक्षा बरेच खालचे रीडिंग आले की इशारा द्यावा.

१३. २३० व्होल्टचे तरंगरूप नोंदवायचे आहे. रोधांनी विभागून कार्डाला देऊ का?

देऊ नये, कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. रोधांच्या विभाजनाने व्होल्टेज कमी होते, पण कार्ड, लॅपटॉप आणि त्याला हात लावणारा विद्यार्थी वीजवाहिनीशी जोडलेलेच राहतात. पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर किंवा विलगीकरण असलेला व्होल्टेज सेन्सर वापरावा आणि जोडणी तपासल्याशिवाय पुरवठा चालू करू नये. प्रवाहासाठी करंट ट्रान्सफॉर्मर वापरताना त्याची दुय्यम बाजू चालू परिपथात कधीही उघडी ठेवू नये, कारण तेथे घातक व्होल्टेज तयार होते.

१४. वीज गेली आणि तासाभराचा डेटा गेला. तो परत मिळेल का?

प्रोग्रॅम सर्व रीडिंग मेमरीत ठेवून शेवटी फाईल लिहीत असेल, तर मिळणार नाही. प्रत्येक ओळ, निदान प्रत्येक सेकंदाची ओळ, लगेच फाईलमध्ये लिहून ती डिस्कवर उतरवण्याची आज्ञा द्यावी. लॅपटॉपला बॅटरी असते, हीटर आणि पंपाला नसते. म्हणून वीज गेल्याची वेळही नोंदवावी, नाहीतर मधला उतार निष्कर्षांत शिरतो.

१५. एक्सेलमध्ये फाईल उघडली तर अर्धाच डेटा दिसतो.

एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला हजार ओळींनी हे पान साडेसतरा मिनिटांत भरते आणि उरलेला डेटा दिसत नाही. त्याच स्थितीत फाईल ‘सेव्ह’ केली, तर तो कायमचा जातो. मूळ फाईल नेहमी केवळ वाचण्यासाठी म्हणून ठेवावी आणि काम प्रतीवर करावे. मोठा डेटा पायथनमध्ये वाचावा.

१६. लॅबव्ह्यू शिकावे की पायथन?

लॅबव्ह्यू १९८६ पासून प्रयोगशाळांत आहे. त्यात तारा जोडल्यासारखा प्रोग्रॅम दिसतो, त्यामुळे प्रश्न १ मधील साखळी पहिल्याच दिवशी समजते, आणि महाविद्यालयात परवाना असेल तर त्याने सुरुवात करावी. पायथन मोफत आहे आणि घरच्या संगणकावर चालतो. ज्याच्यावर तुम्ही सुटीतही सराव करू शकता ते शिकावे, असे माझे मत आहे.

१७. एक-दोन रीडिंग आलेखावर बसत नाहीत. काढून टाकली तर चालतील का?

मूळ फाईलमधून कधीही काढू नयेत. विश्लेषणातून वगळायची असतील, तर कारण भौतिक असावे आणि ते लिहिता यावे: ‘११ वाजून ४२ मिनिटांनी पाण्याचा नळ बंद झाला’ हे कारण आहे, ‘रेषेपासून दूर होते’ हे कारण नाही. म्हणून प्रयोग चालू असताना वहीत वेळेसह घडामोडी लिहिण्याची सवय हवी. संगणक तापमान नोंदवतो, नळ कोणी फिरवला ते नोंदवत नाही. सर्व रीडिंग रेषेवर अगदी तंतोतंत बसलेली जर्नल माझ्याकडे आली, तर मी मूळ फाईल मागतो.

१८. जर्नलमध्ये किती दशांश स्थळे लिहावीत आणि कोणती माहिती द्यावी?

सेन्सरची चूक अर्ध्या अंशाची असेल, तर ६४.३७२ लिहू नये, ६४.४ पुरे. तक्त्याच्या वर सेन्सरचा प्रकार, एडीसीचे बिट आणि पल्ला, सॅम्पलिंग रेट, सरासरी किती रीडिंगची, कॅलिब्रेशनची तारीख, खोलीचे तापमान आणि प्रश्न २ मधील तीन समांतर रीडिंग लिहावीत. पाच हजार ओळींची छापील पाने जोडू नयेत; आलेख, निवडक तक्ता आणि मूळ फाईलचे नाव पुरते.

१९. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच संगणक किंवा कार्ड चालले नाही तर?

काचेचा थर्मामीटर, स्टॉपवॉच आणि आलेखपत्र घेऊन प्रयोग पूर्ण करावा. रीडिंग कमी असतील, पण प्रत्येकाशेजारी वेळ आणि उपकरणाचा लघुत्तम माप लिहिला असेल, तर त्याचे पूर्ण गुण द्यावेत, असे मी परीक्षक म्हणून मानतो. यंत्रणा का चालली नाही हे साखळीतील दुव्यांच्या क्रमाने शोधून उत्तरपत्रिकेत लिहिले असेल, तर तेही प्रयोगाचाच भाग म्हणून तपासले जावे.